भीतीच्या तासाने व्यसन टळत नाही

शाळकरी मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे भीती. २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाला सातवी-आठवीची मुले सभागृहात बसवली जातात. पोलीस अधिकारी कायद्यातली शिक्षा सांगतात, डॉक्टर कर्करोगाने पोखरलेल्या जबड्याची चित्रे दाखवतात, कधी व्यसनातून बाहेर पडलेला माणूस आपली कहाणी सांगतो, शेवटी सगळे उभे राहून शपथ घेतात आणि अहवालासाठी फोटो निघतो. या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की, परिणाम कळले की मुले घाबरतात आणि घाबरली की दूर राहतात. शिवाय समजा काही उपयोग झाला नाही, तरी नुकसान तर होत नाही. यातले पहिले विधान गेल्या चाळीस वर्षांत वारंवार तपासले गेले आणि टिकले नाही. दुसरे त्याहून वाईट आहे, कारण त्याच्या आडोशाने निरुपयोगी कार्यक्रम वर्षानुवर्षे चालू राहतात.

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९८३ साली लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी तिथल्या शाळा-प्रशासनाबरोबर ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस आठवड्यातून एकदा वर्गात येई आणि पाचवी-सहावीच्या मुलांना अमली पदार्थांना नकार द्यायला सांगे. पालक खूश होते, शाळा खूश होत्या, पोलिसांची प्रतिमा सुधारत होती. कार्यक्रम देशभर पसरला. १९९४ साली तोवरच्या मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वापरावर त्याचा परिणाम नगण्य असल्याचे दिसले. केंटकी राज्यात सहावीत हा कार्यक्रम शिकलेल्या मुलांना दहा वर्षांनी, म्हणजे विशीत, पुन्हा गाठण्यात आले. अमली पदार्थांच्या वापरात ती न शिकलेल्यांपेक्षा वेगळी नव्हती. २००३ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही हाच निष्कर्ष दिला. अखेर २००९ साली संस्थेने स्वतःच जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून मुलांच्या कौशल्यांवर बेतलेला नवा स्वीकारला. जिथे ही पद्धत जन्मली तिथे ती बदलली गेली. महाराष्ट्रातल्या शाळांत मात्र तिची एक दिवसाची, आणखी पातळ आवृत्ती निष्ठेने राबवली जाते.

‘नुकसान तरी होत नाही’ या म्हणण्याचाही तिथेच निकाल लागला. १९९८पासून अमेरिकी सरकारने किशोरवयीन मुलांसाठी दूरचित्रवाणीवर अमली पदार्थविरोधी जाहिरातींची मोठी मोहीम चालवली. तिच्यावर जवळपास एक अब्ज डॉलर खर्च झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात असे आढळले की, या जाहिरातींमुळे गांजाचा वापर कमी झाल्याचे चिन्ह नाही. उलट ज्यांनी त्या अधिक पाहिल्या, त्यांच्यात इतर मुले गांजा ओढतात ही समजूत बळावल्याच्या खुणा होत्या. अशा खुणा का दिसाव्यात, हे समजणे अवघड नाही. एखाद्या गोष्टीविरुद्ध मोठी माणसे रोज इतका आरडाओरडा करत असतील, तर ती सगळीकडे चालूच असणार, असा हिशेब बारा वर्षांचे मूल मांडते. आणि या वयात ‘सगळे करतात’ यापेक्षा ओढ लावणारे दुसरे कारण नसते.

हाच दोष मराठी शाळांतल्या भाषणांत आणि फलकांत ठासून भरलेला आहे. ‘तरुण पिढी व्यसनाच्या विळख्यात’ हे वाक्य वक्ता कळकळीने उच्चारतो, पण समोरच्या मुलाच्या कानावर पडते ते वेगळेच: आपल्या वयाची बहुतेक मुले हे करतात, मीच मागे राहिलो. वस्तुस्थिती अशी नाही. १३ ते १५ वयोगटातल्या विद्यार्थ्यांची २०१९ सालची राष्ट्रीय तंबाखू पाहणी सांगते की, भारतात या वयाची ८.५ टक्के मुले कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात. ही संख्या लाखोंची आहे आणि गंभीर आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा की, शंभरातली ९१ मुले तंबाखू वापरत नाहीत. वर्गात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. खरे तर पहिल्याच तासाला मुलांकडून निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात: तुमच्या वयाच्या शंभर मुलांपैकी किती जण तंबाखू खात असतील? आलेले अंदाज फळ्यावर मांडावेत आणि शेजारी खरा आकडा लिहावा. अंदाज बहुधा खऱ्या आकड्याच्या किती तरी पुढे गेलेले असतात. तो फरक मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, की नकार देणारा आपण एकटेच नाही, बहुसंख्येत आहोत, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

अमेरिकेतले संशोधन इथे लागू पडत नाही, हा आक्षेप ठरलेला असतो. त्याला भारतातलेच उत्तर आहे. २००४ ते २००६ या काळात दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत सहावी आणि आठवीच्या मुलांबरोबर ‘मैत्री’ नावाचा प्रयोग झाला. निम्म्या शाळांत दोन वर्षे कार्यक्रम चालला, निम्म्यांत नाही. प्रशिक्षित शिक्षक तास घेत, पण गटांचे नेतृत्व मुलांनीच निवडलेल्या मुलांकडे असे. खेळ, फलक, घरी पालकांबरोबर करायच्या छोट्या कृती असे त्याचे स्वरूप होते. दोन वर्षांनंतर कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता. कार्यक्रम झालेल्या शाळांत तो १७ टक्क्यांनी घटला. फरक सिगारेट आणि बिडी यांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट होता आणि पुढे कधी तंबाखू घेण्याचा इरादाही कमी झाला होता. भारतीय शाळेत, भारतीय शिक्षकांकडून, गर्दीच्या वर्गांत हे घडले.

या प्रयोगाच्या सुरुवातीला घेतलेल्या पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली होती, आणि ती भाषणवाल्यांचा दुसरा मोठा समज मोडते. हा समज म्हणजे व्यसनाचा विषय नववी-दहावीचा आहे, लहान मुलांसमोर तो काढू नये. पाहणीत आठवीच्या मुलांपेक्षा सहावीची मुले तंबाखू अधिक वापरताना आढळली, आणि तीही दुपटीपासून चौपटीपर्यंत. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीचा कल तोच आहे. चघळण्याची तंबाखू वापरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्क्यांनी ती वयाच्या दहाव्या वाढदिवसाआधी पहिल्यांदा घेतलेली होती. बिडीच्या बाबतीत हे प्रमाण ४७ टक्के आणि सिगारेटच्या बाबतीत ३८ टक्के होते. दहावीत दिलेले पहिले भाषण अशा मुलापर्यंत पाच-सहा वर्षे उशिरा पोहोचते.

विषय काढला की कुतूहल वाढेल, ही भीती पूर्णपणे निराधार नाही. अमली पदार्थांची यादी, त्यांची बाजारातली नावे, ते घेण्याच्या पद्धती आणि चढणारी नशा यांचे रसभरित वर्णन करणारे व्याख्यान कुतूहल वाढवतेच. पण म्हणून गप्प राहावे, असे त्यातून निघत नाही. तसले व्याख्यान बंद करावे, एवढेच निघते. मुलाला मेफेड्रोनच्या रासायनिक नावाची गरज नाही. त्याला गरज आहे ती त्याच्या हाताशी असलेल्या वस्तूंबद्दल खरे बोलणाऱ्या मोठ्या माणसाची.

आणि या हाताशी असलेल्या वस्तूंबद्दलच शाळा सर्वांत कमी बोलते. वर्तमानपत्रांत एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, छाप्यांच्या बातम्या येतात, म्हणून व्याख्यानेही गर्द, कोकेन आणि एमडीची होतात. महाराष्ट्रातल्या मुलाच्या वाट्याला आधी येते ती किराणा दुकानातली गोड सुपारीची पुडी, घरातली मशेरी, विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, आजोबांच्या चंचीतली तंबाखू, लग्नाच्या वरातीत मोठ्यांनी पुढे केलेला बिअरचा घोट. २०१६-१७च्या प्रौढांच्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के. म्हणजे इथे तंबाखू ओढली कमी जाते आणि खाल्ली फार जाते, तरीही शाळेच्या भिंतीवर जळत्या सिगारेटचे चित्र असते. सुपारी तर अनेक घरांत निरुपद्रवीच मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीचाही समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे, ही माहिती बहुतेक शिक्षकांपर्यंत पोहोचलेली नाही.

शहरातल्या गरीब वस्त्यांत आणि रेल्वे स्थानकांभोवती व्हाइटनर आणि पंक्चर काढायचे सोल्युशन हुंगणारी मुले दिसतात. २०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या, दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांत जास्त आहे: प्रौढांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. हे सर्वेक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६च्या निकालानंतर झाले. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर दिलेल्या त्या निकालात असे सर्वेक्षण, राष्ट्रीय योजना आणि शालेय अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश, या तिन्हींचे आदेश होते. न्यायालयाने अभ्यासक्रम मागितला होता. वर्षातून एका भाषणाने त्या आदेशाचे पालन झाले असे मानणे मुलांवर अन्याय करणारे आहे.

भीती उपयोगी का पडत नाही, याची कारणे मुलाच्या वयात आहेत. पहिले कारण अंतराचे. चाळिशीत होणारा कर्करोग तेराव्या वर्षी इतका दूर असतो की त्याचे चित्र कितीही भयंकर असले तरी ते दुसऱ्याच कुणाचे वाटते. मग सोबतचा मुलगा वर्षभर मावा खातो, तरी त्याला काही होत नाही, हे दिसते, आणि वक्त्याचे बाकीचे म्हणणेही खोटे ठरते. त्यापेक्षा जवळचे आणि खरे परिणाम सांगावेत. सुपारीने गालाच्या आतले अस्तर कडक होत जाते, तिखट सोसत नाही, तोंड उघडणे हळूहळू कमी होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे मूल वर्गातच पाहू शकते. धूम्रपानाने धावताना दम लागतो, हे खेळणाऱ्या मुलाला आजच कळते. तपासता येणारी गोष्ट मूल स्वीकारते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली एका अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकट्याने खेळताना १३ ते १६ वर्षांची मुले आणि प्रौढ यांच्यात फारसा फरक नव्हता. पण मित्र बघत असताना मुलांनी घेतलेले धोके कितीतरी वाढले. प्रौढांचे वाढले नाहीत. धोका त्या मुलांनाही कळत होता, पण मित्रांच्या नजरेपुढे त्याचे वजन कमी झाले. सभागृहात शांतपणे मिळालेले ज्ञान शाळेमागच्या भिंतीआड चार मित्र उभे असताना कामाला येत नाही ते यामुळे. तिथे कामाला येते ती आधी केलेली सवय, आणि सवय सांगून लागत नाही, करून लागते. कबड्डीतली चढाई जशी फळ्यावर शिकवता येत नाही.

म्हणून नकाराचा सराव हा अशा शिक्षणाचा गाभा आहे. चौघांचा गट करावा. एकाने म्हणावे, “घे ना रे, एक चिमूट, काय मरत नाहीस.” दुसऱ्याने, “बघ, घाबरला. आईला विचारून येणार का?” तिसऱ्याने मोबाइल काढून व्हिडिओ करण्याची धमकी द्यावी. चौथ्याने उत्तर शोधायचे, आणि ते त्याच्या तोंडात बसणारे हवे. ‘व्यसन हे मृत्यूचे द्वार आहे’ असे कुठलाही मुलगा मित्राला म्हणत नाही. तो म्हणतो, “नको यार, मला मळमळतं,” किंवा “चल, प्रॅक्टिसला उशीर होतोय,” किंवा नुसताच सायकलवर बसून निघतो. गट बदलून, भूमिका बदलून हे अनेक आठवडे व्हावे लागते. मुलींच्या गटात प्रसंग वेगळे निघतात: मैत्रिणीच्या भावाने पुढे केलेला हुक्का, वजन कमी होईल म्हणून कुणी सुचवलेली सिगारेट, आजीबरोबर दातांना लावायची मशेरी. न्यूयॉर्कच्या गिल्बर्ट बॉटव्हिन यांनी १९८०च्या सुमारास आखलेल्या जीवनकौशल्य कार्यक्रमात असाच सराव आहे. त्यात राग आवरणे, ताण ओळखणे, जाहिरातीतली लबाडी पकडणे हेही येते, आणि पुढच्या इयत्तांत उजळणीचे तास असतात. उजळणी गाळली तर परिणाम विरतो.

शिकवणार कोण, या प्रश्नावरही समज आणि अनुभव यांत अंतर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने २०१३ साली प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली आणि २०१८ साली ती सुधारली. जे करू नये त्यांत निव्वळ व्याख्यान, भीती जागवणारी माहिती, पोलिसांकडून शिकवणे आणि व्यसनमुक्त व्यक्तींच्या कहाण्या यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शेवटची बाब अनेकांना खटकते, कारण तो माणूस प्रामाणिक असतो आणि त्याचे दुःख खरे असते. पण तेरा वर्षांच्या मुलाला काय दिसते हेही पाहिले पाहिजे. या माणसाने सगळे करून पाहिले, तो वाचला, आणि आज शाल-श्रीफळ घेऊन मंचावर बसला आहे. त्या माणसाचा अनुभव उपचार केंद्रात, दुसऱ्या रुग्णाजवळ, अमूल्य आहे. सातवीच्या वर्गात त्याची जागा नाही.

शिक्षकांवर हा विषय जास्तीचे काम म्हणून लादणेही निष्फळ ठरते. गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात नववीच्या मुलांबरोबर शालेय आरोग्याचा एक कार्यक्रम तपासला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही शाळांत तो शिक्षकांनी राबवला, काहींत त्याच कामासाठी नेमलेल्या साध्या पदवीधर समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई, हिंसा आणि नैराश्य घटले. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२०पासून प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन ११ विषय त्यांच्याकडे सोपवण्याची योजना आहे आणि त्यात व्यसनप्रतिबंध आहे. योजना चांगली आहे. पण ज्या शिक्षकाकडे जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम आधीच आहे, त्याला वेळापत्रकात ठरलेला तास आणि इतर कामांतून सूट दिल्याशिवाय त्याच्याकडून या कामाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

‘हे घरचे काम आहे, शाळेचे नाही’ असे म्हणणाऱ्यांनी घरे पाहिलेली नाहीत, किंवा पाहून डोळे मिटले आहेत. अनेक घरांत तंबाखूची पुडी आणायला मुलालाच पाठवले जाते. २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकायला बंदी करतो; बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे पुडीसाठी दुकानात गेलेल्या मुलाच्या हातून प्रत्येक फेरीत कायदा मोडवला जातो आणि मोडवणारा घरातलाच असतो. पालकसभेत हे स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे. घरातला माणूस लगेच तंबाखू सोडेल अशी अपेक्षा नाही, पण मुलाला आणायला न पाठवणे, त्याच्यासमोर न मळणे, एवढे उद्यापासून करता येते.

पुरवठा तोडा, मुले आपोआप वाचतील, हा युक्तिवाद करणारे अर्धे बरोबर आहेत. शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखूविक्रीला बंदी आहे. महाराष्ट्रात २०१२पासून गुटखाबंदी आहे आणि सप्टेंबर २०२०पासून सुट्या सिगारेटी-बिड्या विकायलाही मनाई आहे. सुटी विक्री महत्त्वाची, कारण शाळकरी मुलाच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात. या कायद्यांची अंमलबजावणी शिक्षणाइतकीच आवश्यक आहे. शाळेच्या फाटकासमोर टपरी चालू असताना आत दिलेला धडा मुलांना खोटा वाटतो आणि त्यांचे बरोबरच असते. पण पानमसाला आणि तंबाखूच्या वेगळ्या पुड्या एकत्र करून गुटखा खाणे बंदीनंतरही चालू राहिले. पुरवठ्याची प्रत्येक वाट बुजेपर्यंत मुलाला रिकाम्या हाताने उभे करता येत नाही.

भीतीच्या पद्धतीचे सर्वांत मोठे नुकसान होते ते ज्या मुलाने आधीच सुरुवात केली आहे त्याचे. व्यसन हा आजार आहे, हे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हापासून महाराष्ट्राला सांगितले गेले आहे. शाळेच्या मंचावरून मात्र अजून व्यसनी म्हणजे गुन्हेगार, कुळाला कलंक, असेच ऐकू येते. समोर बसलेल्या, गेले सहा महिने सोल्युशन हुंगणाऱ्या मुलाला त्यातून एकच धडा मिळतो: कुणाला कळू द्यायचे नाही. पुढे तो सापडला, की शाळा दाखला हातात देते. हे कायद्याच्या भावनेविरुद्ध आहे. व्यसनाच्या किंवा अमली व्यापाराच्या वाटेवर ओढले जाण्याचा धोका असलेले मूल बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते. शाळेशी असलेले नाते हाच अशा मुलाचा सर्वांत भक्कम आधार असतो आणि तो तोडणे म्हणजे उपचाराची शक्यता तोडणे. पुडी सापडली तर झडती वर्गासमोर होऊ नये. एका विश्वासातल्या शिक्षकाने एकांतात बोलावे, पालकांना दोष न देता बोलवावे, १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीचा किंवा जवळच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा मार्ग दाखवावा, आणि मुलाची वर्गातली जागा तशीच ठेवावी.

राहिला प्रश्न उपयोग झाला की नाही हे ओळखण्याचा. किती मुलांनी शपथ घेतली, किती फलक रंगवले, यावरून काही कळत नाही. सहावीत सुरुवात करून आठवीपर्यंत दरवर्षी एकच छोटी प्रश्नावली द्यावी: गेल्या तीस दिवसांत सुपारी, तंबाखू, दारू किंवा हुंगण्याचा पदार्थ घेतला का, कुणी देऊ केला का, नकार देता आला का, शाळेत या विषयावर बोलता येईल असे मोठे माणूस कोण आहे. उत्तरांवर नाव नसावे, हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून फक्त खुणा करायच्या असाव्यात, आणि कागद बंद पेटीत टाकून वर्गशिक्षकाऐवजी बाहेरच्या माणसाने मोजावेत. या कागदांचा उपयोग करून कुठल्याही मुलाला शोधून काढण्याचा प्रयत्न होता कामा नये; तसे एकदा जरी झाले, तरी पुढच्या वर्षी त्या शाळेत कुणीही खरे उत्तर देणार नाही.